थैल्या कोणापुढे सोडाव्यात?

शास्त्रभाग : मत्तय २:१-१२, लूक १४:१२-१४



डिसेंबरची थंडी पडू लागली की ख्रिस्ती घरांतून करंज्या-अनारशांचा वास दरवळू लागतो, दारावर कागदी तारा टांगला जातो आणि मुले एकच प्रश्न विचारू लागतात : या वर्षी मला काय मिळणार? हा प्रश्न बालबुद्धीचा म्हणून हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. मुलाला जे मिळते ते कशासाठी मिळते? आणि ते कोणत्या मुलाला मिळते? या दोन प्रश्नांची आपण जी उत्तरे देतो, त्यांवरून आपल्या नाताळात ख्रिस्त किती आणि नुसता सण किती, हे ठरते.

मत्तयाने सांगितलेला वृत्तांत आपणांस पाठ आहे. पूर्वेकडून आलेले ते ज्ञानी पुरुष घरात गेले, त्यांनी बाळाला त्याच्या आईजवळ पाहिले, पाया पडून त्याला नमन केले आणि आपल्या थैल्या सोडून सोने, ऊद व गंधरस ही दाने त्याला अर्पण केली. या प्रसंगातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ज्या बाळापुढे त्या थैल्या सुटल्या, त्याने तोवर काहीही केलेले नव्हते. एकही चमत्कार नाही, एकही उपदेश नाही. परत काही देण्याची ऐपत त्या घरी नव्हती. ते बाळ देणाऱ्यांच्या कुळातले नव्हते, देशातले नव्हते, भाषेतलेही नव्हते. तरी त्यांनी दिले, आणि परतीची कोणतीही अपेक्षा न ठेवता ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी निघून गेले. लवकरच त्या बाळाला घेऊन योसेफ व मरीया यांना रातोरात मिसर देशाची वाट धरावी लागली. परमुलखात त्या सोन्याचे काय झाले, हे शास्त्र सांगत नाही; परंतु निर्वासित कुटुंबाला सोन्याचा उपयोग काय, हे कोणी सांगण्याची गरजही नाही.

जगातील अनेक देशांत थंडीच्या दिवसांत मुलांना भेटी देण्याची जी रीत आहे, तिच्यातील काही प्रथांचा उगम या प्रसंगाशी जाऊन भिडतो. स्पेनमध्ये व लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत मुले ५ जानेवारीच्या रात्री आपले जोडे बाहेर काढून ठेवतात. रात्री ते तीन राजे येतील, त्यांच्या उंटांना भूक लागली असेल, म्हणून जोड्यांजवळ गवत व पाणीही ठेवतात. इटलीत त्याच रात्री बेफाना नावाची म्हातारी घरोघर फिरते. तिची कथा मोठी मार्मिक आहे. बेथलेहेमास निघालेल्या ज्ञानी पुरुषांनी तिला सोबत येण्यास सांगितले, पण घर झाडायचे राहिले आहे म्हणून ती मागे राहिली. पुढे तिला पश्चात्ताप झाला, आणि तेव्हापासून ते बाळ आपल्याला सापडेल या आशेने ती प्रत्येक घरात डोकावते आणि तेथील मुलाला काहीतरी ठेवून जाते. हॉलंडमध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसची वाट पाहिली जाते. हा निकोलस चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे बिशप होता. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने पैशावाचून अडली होती, तेव्हा त्याने रात्रीच्या अंधारात सोन्याच्या थैल्या त्यांच्या घरात टाकल्या आणि आपले नाव कळू दिले नाही, अशी परंपरा आहे. आजचा सांताक्लॉज याच निकोलसचा दूरचा वंशज होय. धर्मसुधारणेनंतर जर्मनीतील प्रॉटेस्टंट घरांतून निकोलसची जागा ख्रिस्तबालकाने घेतली आणि भेटींचा दिवस ६ डिसेंबरवरून नाताळावर आला.

ख्रिस्ती परंपरेच्या बाहेरही ही रीत आहे. जपानात नववर्षाला वडीलधारी माणसे मुलांना सुबक पाकिटातून पैसे देतात. चिनी घरांत चांद्र नववर्षाला लाल पाकीट मिळते. आपल्या महाराष्ट्रात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करतात. बाळाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे व हलवा ओततात. कौतुक एका बाळाचे. पण ओतलेले सारे वेचून घेतात ती भोवती जमलेली शेजारपाजारची मुले. या रीतीमागचा एक विचार आपणही लक्षात ठेवावा : एका बाळावर झालेला वर्षाव सगळ्यांच्या ओंजळीत जावा.

तथापि, या गोड प्रथांबरोबर पुष्कळ ठिकाणी एक जमाखर्चाची वहीही फिरत असते. सांताक्लॉजजवळ शहाण्या व खोडकर मुलांची यादी असते, असे मुलांना सांगतात. बेफाना व्रात्य मुलाच्या मोज्यात कोळसा टाकते. आइसलंडमध्ये नाताळाआधीच्या तेरा रात्री मुले खिडकीत जोडा ठेवतात. जो शहाणा त्याला खाऊ, जो खोडकर त्याला बटाटा. यात थोडी गंमत आहे, थोडा धाक आहे. पण आपणही हीच वही वापरतो की नाही? ‘पहिला नंबर आणलास तर सायकल’, ‘हट्ट केलास तर नवे कपडे नाहीत’ ही वाक्ये कोणत्या घरात ऐकू येत नाहीत? शब्बाथशाळेच्या नाताळ कार्यक्रमात झाडाखालच्या वस्तूसुद्धा आपण हजेरीपट पाहून वाटतो. वर्षभर ज्याला चांगले कपडे नाहीत म्हणून यायला लाज वाटली, ते मूल त्या दिवशीही मागच्या रांगेत रिकाम्या हाताने बसते.

बक्षीस देणे वाईट नाही. परंतु बक्षीस आणि भेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बक्षीस मिळवावे लागते. भेटीसाठी फक्त हात पुढे करावा लागतो. देवाने आपला पुत्र जगाला दिला तो आपली हजेरी पाहून नव्हे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असे पौल रोमकरांस लिहितो (रोम ५:८). नाताळ हा सणच मुळी बक्षिसाचा नाही, भेटीचा आहे. मग जी मुले आपल्या हातून नाताळ शिकतात, त्यांना आपण कोणता नाताळ शिकवतो?

या प्रश्नाचे एक जिवंत उत्तर शोधायला मायरा किंवा माद्रिदला जावयास नको. ते आपल्याच देशात, आणि मराठी इतिहासाच्या एका प्रकरणात, कावेरीच्या खोऱ्यातील तंजावूर शहरी सापडते. सतराव्या शतकात शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे मराठी राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे नांदले. याच शहरात ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनरीने आयुष्याची अखेरची सुमारे वीस वर्षे वेचली.

श्वार्ट्झ तंजावुरास कसा आला, याची सुरुवातही एका भेटीपासून होते. १६९५ साली जर्मनीतील हाले शहराजवळच्या ग्लाउखा येथील पाळक ऑगस्ट हेर्मान फ्रांके यांना गरिबांसाठी ठेवलेल्या पेटीत चार थालर व सोळा ग्रोशन मिळाले. रक्कम मोठी नव्हती. एरवी ती दोन-चार घरी वाटून संपली असती. फ्रांके यांनी तिची पुस्तके आणली आणि एका गरीब विद्यार्थ्याला नेमून गरीब मुलांची शाळा सुरू केली. त्या शाळेतून पुढे हालेचा प्रसिद्ध अनाथाश्रम व विद्यालये उभी राहिली. त्याच हालेच्या प्रेरणेने त्सीगेनबाल्ग व प्ल्युट्शाउ हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी १७०६ मध्ये तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्याच हाले येथे शिकलेला श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीस आला, पुढे तिरुचिरापल्लीस व १७७८ च्या सुमारास तंजावुरास राहू लागला. ज्याने पेटीत ते नाणे टाकले, त्याला कावेरी नदीचे नावही ठाऊक नसेल.

श्वार्ट्झने लग्न केले नाही. त्याला मूलबाळ नव्हते. परंतु मुलांविषयी त्याची वृत्ती कशी होती, हे एका प्रसंगावरून दिसते. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास बोलणी करण्यासाठी पाठविले. निरोप घेताना हैदरने वाटखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली त्याच्या पालखीत ठेवविली. श्वार्ट्झने ती परत करू पाहिली, पण ती कोणी परत घेईना. मद्रासला पोहोचल्यावर त्याने ती सरकारच्या स्वाधीन केली. सरकारनेही ‘आपणच ठेवा’ म्हटले, तेव्हा त्याने ती रक्कम तंजावुरातील अनाथ मुलांच्या शाळेसाठी ठेवावी अशी विनंती केली. हातात आलेली थैली कोणापुढे सोडावयाची, हे त्याचे आधीच ठरलेले होते.

यानंतर त्याच्या पुढ्यात एक मूल आले. १७८७ मध्ये तंजावूरचे राजे तुळजाजी मरणोन्मुख झाले. त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि हे मूल आता तुमचे, असे सांगून त्याला श्वार्ट्झच्या हवाली करू पाहिले. श्वार्ट्झने राज्याची सूत्रे घेण्यास नकार दिला. राजाचे बंधू अमरसिंह यांनी मुलाचा सांभाळ करावा, असा सल्ला दिला. पण पुढे गादीवर अमरसिंह बसले, आणि हा मुलगा राजवाड्यात जवळजवळ कैद्यासारखा राहू लागला. त्याचे शिक्षण थांबले, जिवाला धोका वाटू लागला. तेव्हा म्हातारा श्वार्ट्झ मद्रास सरकारला पत्रांवर पत्रे लिहू लागला. त्याच्या प्रयत्नांनी मुलाला पहारा मिळाला, शिक्षक मिळाले, आणि १७९३ मध्ये त्याला सुरक्षिततेसाठी मद्रासला हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्झचे मित्र गेरिके यांच्या देखरेखीखाली तो शिकला. या सर्व प्रकरणात कंपनी सरकारचे आपले हिशेब होते, हे इतिहास जाणतो. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीने स्वतःकडे घेतला. परंतु त्या म्हाताऱ्याचा हिशेब निराळा होता. त्याला अंधारात कोंडलेले एक मूल दिसत होते.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ प्रभूमध्ये झोपी गेला. आपले जे काही होते ते त्याने मिशनला ठेवले. सरफोजी अंत्यदर्शनासाठी आला, ओक्साबोक्शी रडला, आणि त्याने त्या देहावर सोनेरी वस्त्र पांघरले. त्याच वर्षी तो गादीवर बसला. लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याने एक संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते आजही तंजावुरातील शिवगंगा तलावाजवळच्या, श्वार्ट्झने १७७९ मध्ये बांधलेल्या चर्चमध्ये आहे. मरणशय्येवरील श्वार्ट्झ, त्याचा हात हाती घेतलेला तरुण राजा, आणि पलंगाशी उभी असलेली शाळेतील मुले.

प्रियजनहो, येथे काहींच्या मनात एक शंका येईल. सरफोजीने बाप्तिस्मा घेतला का? नाही. तो जन्मभर हिंदूच राहिला. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली त्याने आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत शिळांवर कोरून घेतला. मग श्वार्ट्झची ती सारी वर्षे वाया गेली काय? ही शंका खोटी नाही, आणि तिला उडवून लावणे योग्य नाही. श्वार्ट्झ सुवार्तेचा सेवक होता. त्याने आपला विश्वास त्या मुलापासून कधी लपविला नाही, आणि त्या मुलाने तो स्वीकारावा अशी त्याची मनापासून प्रार्थना असणार. पण ‘तू माझा झालास तरच तुझ्यासाठी पत्र लिहीन’ असे त्याने म्हटले नाही. त्याने दिले ते भेट म्हणून दिले, विसार म्हणून नव्हे. अंतःकरण पालटणे हे देवाचे काम आहे. अंधारात कोंडलेल्या मुलासाठी दार ठोठावणे हे आपले काम आहे.

आणि त्या भेटीचे पुढे काय झाले, ते पाहा. राज्य गेले, हाती किल्ला व नेमणूक राहिली. सरफोजीने त्या नेमणुकीतून सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, शाळा काढल्या, १८०५ मध्ये वाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला. त्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक पुस्तक मुलांसाठी असावे, आणि ते मुंबई-पुण्यास नव्हे तर तंजावुरास छापले जावे, ही आपणा मराठी वाचकांस विसरण्यासारखी गोष्ट नव्हे. त्याच्या छत्रांत, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळांत, पोरक्या मुलांची काय सोय होती, हे १८०१ साली रेसिडेंट टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात त्याने कळविले आहे : त्यांना शिक्षकाच्या हवाली करावे, दिवसातून तीनदा जेवू घालावे, चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालावे, आजारात औषध व अंगाला कपडे द्यावेत. ‘चार दिवसांनी तेल’ हा तपशील वाचताना मन थबकते. जो स्वतः पोरकेपणात वाढला, त्यालाच मुलाच्या कोरड्या डोक्याची आठवण राहते. आणि कन्नंदगुडी येथे त्याने पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची सोय केली. एका ख्रिस्ती माणसाने एका हिंदू मुलाला अट न घालता दिले. तो मुलगा मोठा झाला आणि त्याने ख्रिस्ती मुलांना अट न घालता दिले. बोरन्हाणात एका बाळावर ओतलेले सगळ्यांच्या ओंजळीत जाते, तसेच हे झाले.

आता आपल्या घराकडे वळू. प्रभूने लूकाच्या चौदाव्या अध्यायात यजमानाला सांगितले की, मेजवानीस मित्र, भाऊबंद व श्रीमंत शेजारी यांनाच बोलावू नको, कारण ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांच्याजवळ फेड करावयास काही नाही, त्यांना बोलाव. आपली नाताळची ताटे बहुधा फिटंफाटीची असतात. त्यांच्या घरून केक आला, आपल्या घरून करंज्या गेल्या. त्यात शेजारधर्म आहे, आनंद आहे; तो सोडावा असे कोणी म्हणणार नाही. पण एक थैली तरी अशी असावी की जी परत येणारच नाही.

ती कोणापुढे सोडावी? महाराष्ट्रात ज्या दिवसांत आपण तारे टांगतो, त्याच दिवसांत ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. बीड व नगरकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून निघतात, ती साखर कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोप्यांतून उन्हाळा लागेपर्यंत राहतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात. पोरे मागे राहतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि गावच्या शाळेतील तिचे नाव हजेरीपटावर तसेच पडून राहते. शहरात राहणाऱ्यांना बांधकामाच्या जागी, रेल्वेच्या पुलाखाली, अशीच मुले दिसतील. आपल्यापैकी कितीजणांच्या मंडळीपासून अशी वस्ती अर्ध्या कोसावर आहे? त्या मुलाच्या हाती या नाताळात एक जाड स्वेटर, एक पाटी, एक गोष्टीचे पुस्तक पडले तर पुष्कळ झाले. पण तेवढ्यावर न थांबता मंडळीतील कोणी आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्याजवळ बसून त्याला वाचावयास शिकविले, किंवा त्याचे नाव जवळच्या शाळेत घालण्यासाठी चार खेटे घातले, तर ती श्वार्ट्झच्या पत्रांच्या जातीची भेट होईल. वस्तू एका दिवसात देता येते. त्या मुलाला वर्षे मिळाली होती.

आणि आपल्या स्वतःच्या मुलांना? त्यांनाही या वर्षी एक तरी वस्तू अशी द्या की जिला कोणतीही अट नसेल, गुणांची नाही, शहाणपणाची नाही. देताना सांगा की, ही तू मिळविलेली नाही, ही तुला दिलेली आहे. मग त्याच मुलाचा हात धरून त्या कोपीपर्यंत जा आणि दुसरी वस्तू त्याच्या हातून द्या. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने देणे मूल ज्या दिवशी शिकेल, त्या दिवशी त्याला बेथलेहेमची गोष्ट समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

बेफाना झाडलोटीत गुंतली आणि मागे राहिली. आपल्याही घरांत डिसेंबरभर झाडलोट, रंगरंगोटी व फराळ चालू असतो. ते सर्व असू द्या. पण ज्या बाळाच्या भेटीस निघावयाचे, ते या माझ्या कनिष्ठ बंधूंच्या रूपाने तुम्हांस भेटेन असे सांगून गेले आहे (मत्तय २५:४०). त्याला शोधत वर्षानुवर्षे घरोघर डोकावण्याची गरज नाही. पत्ता आपणांस माहीत आहे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आम्ही काही मिळविण्याआधीच तू आम्हांस आपला पुत्र दिलास, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. आमच्या हातातील जमाखर्चाची वही काढून घे. जे मूल आमच्या दारापासून दूर नाही आणि तरी आम्हांस दिसत नाही, ते आम्हांस दाखव. आणि त्याच्यापुढे आमच्या थैल्या आनंदाने सोडण्यास आम्हांस शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.